डावीकडून पाचवी

आंबागडच्या गोमाजीने जन्मात एकदा वाघ नांगराला जुंपला होता. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला वाघ. वाघ कामाला बरा होता, पण वैरणीकडे बघेना आणि बैलाकडे फार बघू लागला, म्हणून सोडून दिला. गावच्या तळ्यातली एक मासोळी शिंकली आणि खालची शेते वाहून गेली, हेही त्याने या डोळ्यांनी पाहिलेले. किल्ल्यावरच्या तोफेत तर त्याच्या आज्याने अख्खा पावसाळा संसार केला होता. या गोष्टी ऐकत आसपासच्या गावांची पोरे मोठी झाली, बाप झाली, आणि गोमाजी ‘आज पाणी येते’ म्हणाला की खुशाल धान वाळत घालू लागली.

असा हा गोमाजी त्या दिवशी आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, उभा होता आणि त्याच्या तोंडात एकही थाप तयार नव्हती. तळ्याच्या पाळीवरून दोन सायकली येत होत्या. पुढच्या सायकलवर ठाण्याचा भैय्यालाल जमादार. मागच्यावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, दाढी राखलेला परका माणूस. हाच तो मुनशी, हे गोमाजीला कुणी सांगावे लागले नाही. सकाळीच टेकचंद धापा टाकत त्याची बातमी देऊन गेला होता.

टेकचंद म्हणजे गावचा किराणावाला. फाळणीत बापाच्या खांद्यावर बसून सिंधमधून आलेला आणि आता गिऱ्हाइकाला अस्सल झाडीबोलीत शिव्या घालणारा. त्याची बहीण तिकडेच राहिली होती, चार हिंदू घरांच्या वस्तीत. तिची मुलगी मोहिनी, वय सोळा. मागच्या साली जमीनदाराच्या माणसांनी तिला विहिरीच्या वाटेवरून उचलले, एका घरात कोंडले, कलमा वदवून घेतला आणि जमीनदाराच्या पुतण्याशी निकाह लावून टाकला. बाप ठाण्यात गेला तर त्याला सांगितले, मुलगी राजीखुशीने गेली. ‘आता तुझे नाव जरीना, सांग बरे नाव,’ म्हटल्यावर पोरगी ‘मोहिनी’ म्हणाली, तेव्हा चुलीतला चिमटा तिच्या मनगटावर टेकवला. त्या घरात एक स्वयंपाकीण म्हातारी होती, पाच वेळा नमाज पढणारी. तिने एका पहाटे मागच्या दाराची कडी काढली आणि परत लावायला ‘विसरली’.

पळून आलेल्या पोरीला आईने लपवत मामाकडे आणून सोडले. आता व्हिसा संपला होता. तिला इथेच राहू द्या म्हणून टेकचंदने सरकारात अर्ज केला होता, पण उत्तर यायचे होते. तोवर सापडली तर कायदा तिला सरहद्दीपार पोचवणार, आणि पलीकडे कोण उभे असेल ते सांगायला ज्योतिषी नको होता. त्या जमीनदाराचा मुनशी तर सरहद्दीच्या अलीकडे येऊन उभा राहिला होता.

हे सगळे मोहिनीने गोमाजीच्या बायकोला, रुखमाला, एके दिवशी चुलीपुढे बसून तीन-चार वाक्यांत सांगितले होते. गोमाजी पलीकडे ऐकत होता. त्या संध्याकाळी पोरे गोष्टीसाठी जमली, तर त्याने त्यांना ‘पोट दुखून राहिलं’ म्हणून घालवले होते.

टेकचंदचे घर पहिल्यांदा धुंडाळणार हे उघड होते. म्हणून रुखमाने पोरीला आपले जुने लुगडे नेसवले, डोक्यावर पोत्याची खोळ घातली आणि धानाची रोपे रोवणाऱ्या बायांच्या रांगेत उभी केली. डावीकडून पाचवी. सगळ्या कमरेत वाकलेल्या, सगळ्या चिखलात गुडघाभर. आज रोवणा आटपायचा होता, म्हणून गोमाजी स्वतः धुऱ्यावरूनच पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या फेकत होता. शेवटच्या दिवशी बांधीत पाय टाकणारा पुरुष बायांच्या तावडीत सापडतो. मालक असो की सरपंच, चिखल माखल्याशिवाय सुटत नाही.

सायकली थांबल्या. बायांचे गाणे मध्येच तुटले. मग रुखमाने ते मुद्दाम वरच्या सुरात उचलले आणि रांग तिच्यामागे गाऊ लागली. पाचवीचे फक्त ओठ हलत होते.

“राम राम, आबाजी!” जमादाराने गोमाजीला हाक दिली.

“राम राम. काहून बा, आज इकडं वाट चुकला?”

“टेकचंदची भाची पायजे. विजा संपला तिचा, वापस धाडाचं हाये. हे मुनशीजी तिच्या सासरचे. दुकान पाह्यलं, घर पाह्यलं. तुमाले मालूम असंन तं सांगा. पन वाघाची नोको सांगा, मले टाइम नाई.”

मुनशी बोलत नव्हता. तो वाकलेल्या पाठी एकेक करून पाहत होता, बाजारात गुरे पाहावीत तसा. शेवटी म्हणाला, “जमादार साहब, सब को खड़ा कीजिए. मैं एक-एक का चेहरा देखूँगा.”

गोमाजी मनात थापा चाचपू लागला. ती गोंदियाच्या गाडीत बसली म्हणावे? मोहाडीच्या बाजाराला गेली म्हणावे? पण हा भैय्यालाल लहानपणी त्याच्याच मांडीशी बसून ऐकायचा. गोमाजी पूर्वेला बोट दाखवतो तेव्हा पश्चिमेला बघावे, हे तो चड्डी घालायच्या आधी शिकला होता. गेली म्हटले की इथेच शोधणार.

तेवढ्यात भैय्यालालचे लक्ष बांधीतल्या पाण्याकडे गेले. तोही धानवाल्याचाच पोरगा.

“आबाजी, हे कोन रोवून राहिली जी? पऱ्हे पाहा कसे तरंगून राहिले! मूठ दाबताच येत नाई इले.”

पाचव्या हाताखालची रोपे खरेच वर येऊन पाण्यावर पसरली होती. रुखमाने पुढची ओळ आणखी जोरात ओढली. गोमाजीने हातातली पेंढी खाली ठेवली आणि आयुष्यात कधी केले नव्हते ते केले.

“थेच तं थे पोरगी,” तो म्हणाला. “टेकचंदची भाची. डावीकडून पाचवी. तिले कोठून रोवाले येईन?”

गाणे बंद पडले. पाचवीचा हात चिखलात रुतला तो रुतलाच.

भैय्यालालने गोमाजीकडे पाहिले. गोमाजीने डोळाही मिचकावला नाही. मग जमादाराचे पोट हलू लागले.

“टेकचंदची भाची चिखलात! ज्याचा पाय जन्मात चपलीतून नाई निघाला, त्याची भाची!”

“सकाळी त्यानंच आनून देल्ली. माह्या रुखमानं लुगडं नेसवलं.”

“हौ, हौ. अन् वाघानं चिखलनी केली.”

इथे गोमाजीने थांबायला हवे होते. पण चाळीस वर्षांची खोड. गोष्ट रंगू लागली की त्याला बारकावा भरल्याशिवाय राहवत नसे.

“खोटं वाटत असंन तं मनगट पाह्य जा. चिमट्याचा डाग हाये.”

मुनशीची मान झटकन वळली. “निशान? कौन-से हाथ पर? इस बूढ़े को कैसे मालूम?”

भैय्यालालचे हसू अर्धे राहिले. खऱ्याच्या वाटेने गोमाजी आजच पहिल्यांदा चालला होता आणि चौथ्या पावलाला खड्ड्यात पडला होता. आता वर यायला त्याच्याकडे एकच जुना दोर होता. त्या दोराने पोरीच्या जखमेलाच फास बसणार होता, हे त्याला कळत होते.

“असा तसा डाग नाई, मुनशीजी!” तो ओरडला. “अंधार पडला का थो लाल होते. धूर निघते त्याच्यातून! आमच्या घरी काल पाऊस येऊन चूल विझली, तं पोरीनं हात पुढं केला, रुखमानं वर पान्याचा गंज ठेवला, अन् सगळ्या घरानं चा पेला. गूळ कमी होता, बाकी चा फस्ट क्लास!”

भैय्यालालला आता सायकल धरून उभे राहावे लागले. डोळ्यांतून पाणी काढत तो म्हणाला, “चला मुनशीजी. हा म्हतारा मेल्यावर यमालेबी वापस धाडन.”

पण मुनशी हसत नव्हता. त्याला आंबागडच्या वाघाची काय माहिती! त्याने धोतरासारखी सलवार वर धरली आणि धुऱ्यावरून सरळ बांधीत उतरला. पहिल्या बाईला ओलांडून, दुसरीला ओलांडून तो पुढे निघाला.

“बायायनो!” रुखमा कडाडली. “मानूस बांधीत उतरला वो!”

पुढचे सांगायला रुखमाची गरज नव्हती. पाठी एकदम सरळ झाल्या. चिखलाचा पहिला गोळा त्याच्या छातीवर, दुसरा दाढीवर, मग मोजणार कोण. एकीने पाठीमागून धरले, दुसरीने गाल माखले. हसण्याचा आणि किंकाळ्यांचा असा कल्लोळ उठला की तळ्यावरचे बगळे उडाले. त्या धांदलीत बायांनी आपापली तोंडेही माखून घेतली, आणि कोण कोण ते गोमाजीलाही ओळखू येईना.

त्यातली एक हसत नव्हती. ती मुनशीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, हातभर अंतरावर. दोन्ही मुठी चिखलाने भरलेल्या. गोमाजीने श्वास धरला. मुनशीने डोळ्यांवरचा चिखल पुसत तिच्याकडे पाहिले.

“बस करो, बहन,” तो गयावया करत म्हणाला. “माफ करो.”

तिने माफ केले नाही. दोन्ही मुठी त्याच्या तोंडावर फोडल्या.

“निघा मुनशीजी, निघा!” धुऱ्यावरून भैय्यालाल ओरडत होता. “आज इथं कलेक्टर आला तरी त्याचं काई चालत नाई. ठान्यात माहीच इज्जत जाईन. मोहाडीचा बाजार पाहू!”

मुनशीला धुऱ्यावर ओढून काढावे लागले. त्याचा एक बूट बांधीतच राहिला. सायकली पाळीवरून दिसेनाशा झाल्या.

मग मोहिनी मटकन चिखलात बसली. रुखमाने तिला कुशीत घेतले आणि नवऱ्यावर जिभेचा पट्टा सोडला. “लाज नाई वाटत? पोरगी दाखवून देल्ली! अन् डागाचं हसू केलं!” गोमाजी वाकून पेंढ्या उचलत राहिला, आणि एक पेंढी त्याने भलत्याच बांधीत फेकली.

रोवणा आटपला तेव्हा ऊन उतरले होते. बाया पाटाच्या पाण्यात हातपाय धूत होत्या. मोहिनी धुऱ्याने चालत गोमाजीपुढे आली. चेहरा धुतलेला, डोळे सुजलेले. गोमाजी नजर वर करीना.

तिने ओला हात त्याच्यापुढे धरला, डागाची बाजू वर करून. गावच्या बोलीतले तिला येत होते तेवढे शब्द तिने जमवले.

“आबाजी, गंज आना. चा ठेवू.”

गोमाजीने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिचे मनगट हळू टिपून कोरडे केले.