हजेरीबाईची साक्ष

हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून हजेरीबाईच्या भावजयीची कंबर गेली, तेव्हा तिच्या नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती. ऑपरेशन झालं, पण डावा पाय बधिरच राहिला. आजारपणाचा भत्ता सुरू झाला आणि वर्षभराने पत्र आलं. भत्ता चालू ठेवायचा तर गुरुवारी अकरा वाजता वैद्यकीय तपासणीला या, भरलेला फॉर्म आणा, सोबत घरातलं एक सज्ञान माणूस आणा, त्याचंही म्हणणं नोंदवलं जाईल.

घरातलं माणूस म्हणजे नवरा, आणि तो मालाचा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. फोनवर म्हणाला, "ताईला ने."

"त्यापेक्षा भत्ता सोडते मी."

"वेडी आहेस का? कागदपत्रातलं तिच्याइतकं कुणाला कळतं?"

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. एका कारखान्यात तिने सव्वीस वर्षं कामगारांची हजेरी लिहिली. कोणाचं पोट खरंच दुखतंय आणि कोणाचं नाही, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. कामगार तिला हजेरीबाई म्हणत आणि ती दिसली की हातातली बिडी विझवत. बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर ती भावाच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आली, आणि हजेरी घ्यायला तिला एकच माणूस उरलं. भावजयीची भांडी दुपारपर्यंत तशीच दिसली की दारातून विचारायची, "आज काय, सुट्टी का?"

त्यामुळे भावजय तिच्यासमोर कधी लंगडली नाही. जिन्यात तिची चाहूल लागली की कठडा सोडून ताठ उभी राहायची.

मंगळवारी हजेरीबाई वर आली. चष्मा पुसला, भरलेला फॉर्म पुढ्यात ओढला.

"न थांबता किती चालता येतं? 'बऱ्यापैकी.' बऱ्यापैकी म्हणजे किती, नाक्यापर्यंत की बाजारापर्यंत? जिना चढता येतो का? 'हो, सावकाश.' स्वयंपाक? 'हो.' बाई गं, तू भत्ता मागायला चाललीस की नोकरी मागायला?"

"मग खोटं लिहू?"

"खोटं लिहिणारे पकडण्यात माझा जन्म गेला. खरं लिही, पण पूर्ण लिही. ऊठ. मी डॉक्टर. बाहेर जा आणि आत ये."

भावजय दात आवळून बाहेर गेली, आत आली, खुर्चीत बसली.

"पर्स वाकून खाली ठेवलीस. तो तिथेच लिहील, वाकता येतं. आता फळीवरचा तो डबा काढ."

तिने काढला. ओट्यावर आदळला. "झालं समाधान?"

"माझं झालं. तुझा भत्ता गेला. आता डबा काढल्यावर पाच मिनिटांनी काय होतं ते सांग."

"काही होत नाही."

"मग पाय का थरथरतोय?"

भावजयीने टेबलाची कड धरली. "बरं वाटतंय ना वन्सं तुम्हाला? बारा वर्षं वाट बघत होतात, मला अशी समोर बसवायची."

"वाटतंय की," हजेरीबाई म्हणाली आणि पान उलटलं. "हे सातवं पान कोरं का? लघवीवर ताबा आहे का, विचारलंय."

"त्याच्याशी तुमचा काही संबंध नाही."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं नाही चालत."

"तुम्ही निघा आता."

हजेरीबाई निघाली. सातवं पान कोरंच राहिलं.

गुरुवारी दोघी अकराला पोचल्या आणि पाऊण तास बाहेर बसल्या. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, जमिनीला स्क्रूने आवळलेल्या. भिंतीवर मोठी पाटी: कर्मचाऱ्यांशी उद्धटपणे वागल्यास तपासणी रद्द होईल. कर्मचाऱ्यांनी कसं वागावं, याची पाटी कुठे नव्हती. नाव पुकारलं गेलं तोपर्यंत भावजयीचा पाय लाकूड झाला होता, तरी ती झटक्यात उठली, कारण शेजारी नणंद होती.

डॉक्टरची नजर कॉम्प्युटरवर. "कशाने आलात?"

"बसने."

"उभं राहून?"

"जागा मिळाली शेवटी."

"म्हणजे आधी उभं राहून." टकटक टाइप केलं. "झोपा. पाय उचला. अजून. अजून उचलेल, प्रयत्न करा." पाय उचलला गेला, कंबरेतून जाळ निघाला. भावजय छताकडे बघत राहिली, हूं की चूं केलं नाही.

"घरकाम कोण करतं?"

"मीच."

"लघवी वगैरे ठीक?"

"ठीक."

"छान. म्हणजे बसून करायचं काम जमेल तुम्हाला."

"खोडा ते," हजेरीबाई म्हणाली.

"बाई, तुम्ही फक्त सोबत आला आहात."

"तुमच्याच पत्रात लिहिलंय, घरच्या माणसाचं म्हणणं नोंदवलं जाईल. नोंदवा. ही बाई आळशी आहे असं मी बारा वर्षं म्हणतेय. ऑपरेशननंतरही मला वाटलं, सोंगच आहे. म्हणून मी नजर ठेवली. मी हिच्या खालीच राहते. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला हिचं वॉशिंग मशीन लागतं. चादर गॅलरीत कधी दिसत नाही, बाथरूममध्ये वाळते. एकदा मी माझ्याकडच्या किल्लीने न विचारता आत गेले, तेव्हा पाहिली. हिला लघवीचं कळत नाही. जिन्यात अर्ध्यावर बसते, माझं दार वाजलं की उठते, म्हणून मी दार न वाजवता बघते. पकडायला गेले होते, पकडण्यासारखं काही निघालं नाही. तारखा हव्यात?" तिने पर्समधून वही काढली.

भावजयीची कानशिलं तापली. त्या क्षणी तिला कोणी सुरी दिली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. डॉक्टरने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "खरं आहे हे?"

भावजयीने नणंदेच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

"ऑपरेशन केलं त्यांना सांगितलंत?"

"नाही. लाज वाटली."

"भत्त्याचं होईल काय व्हायचं ते. पण त्यांना याच आठवड्यात दाखवा. हे अंगावर काढायचं दुखणं नाही." आणि त्याने आधीचं खोडून नव्याने लिहायला घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर भावजय थांबली. "परक्या माणसासमोर माझी अब्रू काढलीत."

"तू बोलली नसतीस."

"नसते बोलले. बोलायचं की गिळायचं, ते माझं होतं."

"मग घरी बसायचं होतंस," हजेरीबाई म्हणाली. बसमध्ये दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी भावजय एकटी रिक्षा करून सर्जनकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तो आधी रागावला, मग पुन्हा तपासण्या लिहून दिल्या, औषध सुरू केलं. पाच आठवड्यांनी पत्र आलं. भत्ता दोन वर्षांसाठी मंजूर, नंतर पुन्हा तपासणी. नवरा घरीच होता. "बघ! ताई नसती तर?" तो म्हणाला.

भावजय खाली गेली आणि दारातच उभी राहिली. "आमच्या घराची किल्ली तुमच्याकडे असते. ती द्या."

हजेरीबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दोन वर्षांनी परत बोलावतील. तेव्हा कोणाला नेशील?"

"कोणाला का नेईना. सांगायचं ते मी सांगेन, सगळं."

हजेरीबाई आत गेली, किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

 तिसऱ्या दिवशी ट्रकवर निघताना नवरा म्हणाला, "एवढं केलं तिने तुझ्यासाठी."

"केलं ना," भावजय म्हणाली. "म्हणून तर नुसती किल्ली मागितली."