घागरीचा गळा

"थांबा सर, आता बघा," म्हणत शालिग्रामने एंटर दाबलं.

काळ्या पडद्यावर आधी घागरीचं पोट उमटलं, मग गळा, मग काठ. दीड मिनिटात. चौधरी सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघतच राहिले. हेच चित्र काढायला धुळ्याच्या तंत्रनिकेतनातला हा संगणक आधी पाऊण तास घ्यायचा.

"केलंत काय तुम्ही?"

"सर, गोलाई दाखवायची तर तिचे बारीक सपाट तुकडे करावे लागतात. आपण सगळीकडे सारखेच करत होतो. पण पोट कुठे फारसं वळतं? तिथे मोठे तुकडे चालतात. बारीक कापायचं ते फक्त गळ्यापाशी."

शालिग्राम प्रयोगशाळेतला सहायक. शिक्षण बारावी, यंत्रांवरची धूळ पुसायची, पोरांची हजेरी घ्यायची, एवढंच काम. चार वर्षं दर रविवारी पारोळ्याहून एस.टी.ने येऊन तो एकटाच या गणिताशी झुंजत होता. सरांनी त्याच्याकडून लेख लिहून घेतला, इंग्रजी सुधारलं आणि मुंबईच्या एका परिषदेला पाठवला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. चारच ओळी. पद्धत अचूक आहे. मात्र परदेशात ती पंधरा वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाली आहे. खाली तीन मासिकांची नावं. त्यातलं एकही धुळ्यात येत नव्हतं, जळगावातही नाही.

घरी त्याची बायको लताबाई भाकरी थापत होती. त्याच्या हातातला कागद बघून तिने विचारलं, "काय लिखेल शे?"

"हाई कोनी तरी आधीच करेल शे. पंधरा वरीस व्हई गयात."

"मंग तुमनं बरोबरच व्हतं ना?"

"बरोबरच व्हतं."

तिचा चेहरा उजळला. "मंग?"

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि ताट पुढे ओढलं.

त्यानंतरच्या रविवारी तो धुळ्याला गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

जूनमध्ये चौधरी सर घाईघाईत प्रयोगशाळेत आले. "शालिग्राम, निकालाच्या याद्यांसाठी एखादी कोरी फ्लॉपी आहे का? स्टोअरमधल्या संपल्या."

त्याने खण उघडला. आत एकच होती, घागरीची. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. यंत्रात घालून त्याने ती पुसायला लावली आणि घरघर थांबेपर्यंत उभा राहिला.

"काही होतं का हिच्यात?" सरांनी विचारलं.

"नाही सर. कोरीच आहे."

जुनी चिठ्ठी नखाने हळूहळू सोलून त्याने नवी चिकटवली आणि तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं : निकाल, द्वितीय वर्ष.