पाच हिरव्या कांड्या

डोंगरातल्या यावोरोवित्सा गावच्या वाचनालयात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. चर्चमधून निघालेली माणसं घरी न जाता थेट इथेच आली होती, कारण इंजिनिअर सावा देस्पोतोव गावाला रेंज देणार होता. तो इंजिनिअर कुठून झाला हे कुणी विचारलं नाही. अंगात मेंढीच्या कातड्याचा जाड कोट, हातात चंदेरी डबी, एवढ्यावर गावानं त्याला पदवी बहाल केली होती.

टेबलावरच्या लॅपटॉपवर रेंजची एकच लाल कांडी दिसत होती आणि समोरचं गाण्याचं चित्र अडखळत होतं. सावानं डबी लॅपटॉपला जोडली, वर तळहात धरला, डोळे मिटले. एकामागून एक पाच हिरव्या कांड्या उभ्या राहिल्या. चित्र झऱ्यासारखं वाहू लागलं. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"दगडी भिंतींत शंभर वर्षांची जड ऊर्जा मुरलेली असते," सावा सांगत होता. "डबीतली पेशी ती वितळवते. ती चालायला माझी गरज नाही, कुणाचीच नाही. फक्त डबीजवळ तांब्याची भांडी आणि शंकेखोर माणसं ठेवू नका."

मागच्या बाकावर एवदोकिया बाई बसल्या होत्या. बत्तीस वर्षं त्यांनी या गावाला भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि गावानं ते परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरून दाखवलं होतं. शेगडी रसरसून पेटलेली असताना हा माणूस कोट का काढत नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण दरवेळी आपणच विरजण घालायचं याचा त्यांना कंटाळा आला होता. त्या गप्प बसल्या. हे गप्प बसणं पुढे त्यांना फार लागलं.

बाईंच्या शेजारच्या पेनानं डबी घेतली ती नवऱ्यासाठी. तानासचं हृदय कमजोर होतं, आणि हिवाळ्यात घाट बंद झाला की प्लोवदिव शहरातले डॉक्टर त्याला लॅपटॉपवरच तपासत. वाचनालयाचं नेट चौकाभोवतीच्या घरांना मिळे, पण पेनाच्या हातभर जाड भिंतीतून जेमतेम आत येई. डबी लावल्यावर तिच्या घरीही पाच कांड्या उगवल्या. डॉक्टरांचा चेहरा मात्र पूर्वीसारखाच थिजायचा. पेनानं तांब्याची किटली गोठ्यात नेऊन ठेवली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, पांढरी गोळी बंद करा, पिवळी चालू ठेवा. पेनाला ऐकू आलं, "बंद करा, पिवळी." एरवी तिनं पुन्हा विचारलं असतं. पण कांड्या पाचच्या पाच होत्या, म्हणजे ऐकलं ते पुरतं असणारच. तिनं पिवळी गोळी बंद केली. आठवड्यानं तानास लाकडं रचता रचता कोसळला. नशिबानं त्या दिवशी घाट मोकळा होता.

इस्पितळातून परतल्यावर पेना बाईंच्या दारात उभी राहिली. "बाई, मी शंका घेतली म्हणून झालं का हो हे?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "घेतली नाहीस म्हणून झालं. आणि मला आली होती, ती मी गिळली."

त्यांनी पेनाकडून डबी मागून घेतली आणि स्क्रू काढून उघडली. आत एक दिवा, वजनासाठी लोखंडी चकती, आणि कांड्या रंगवणारा प्रोग्राम भरलेली एक चिप निघाली. लहरी पकडणारं काहीच नव्हतं. डबी पुन्हा बंद करून, लॅपटॉप घेऊन त्या बटाट्याच्या तळघरात उतरल्या. तिथे कुठल्याही नेटचा वारा लागत नव्हता. तरी कांड्या पाच, हिरव्यागार.

महिन्यानं सावा सुधारित डबी घेऊन आला. पुन्हा गर्दी, पुन्हा मिटलेले डोळे, पुन्हा वाहतं चित्र. बाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि वाचनालयाच्या राउटरची वायर उपटली. चित्र चालूच राहिलं. सभागृहात कौतुकाची लाट उसळली. नेटच नसताना नेट, याहून मोठा चमत्कार कोणता? सावा प्रेमळपणे हसला. "बाई, आता तरी पटलं?"

"पटतंच आलंय," बाई म्हणाल्या. "तुमची गरज नाही म्हणालात ना? मग डबी इथेच राहू दे. तुम्ही तेवढे नदीच्या पुलापर्यंत जाऊन या. कोटासकट."

सावानं थंडीचं कारण सांगितलं, मग गुडघ्याचं. आजारी तानास काठी टेकत उठला आणि म्हणाला, "चला, मी येतो सोबत." आता नाही म्हणायची सोय उरली नाही. दोघं चौक ओलांडेपर्यंत गाणं चाललं. पुढच्या वळणावर चित्र थिजलं, आणि मग थिजलेलंच राहिलं. कांड्या मात्र पाचच होत्या. बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावून त्या मोजायला लावल्या.

मग बाईंनी उलगडून सांगितलं: सावाच्या कोटात फोन होता. त्या फोनचं नेट तो वाटत होता आणि त्याला नाव वाचनालयाच्याच नेटचं दिलं होतं, म्हणून लॅपटॉपवर फरक दिसत नव्हता. आधी अडखळणारं चित्र वाचनालयाच्या गर्दीनं कोंडलेल्या नेटवरचं, नंतरचं वाहतं चित्र त्याच्या खिशातलं. पुलावरून हा महापुरुष परत आलाच नाही. डब्यांची पेटीसुद्धा मागे टाकून गेला.

नंतर बाईंनी पेनाच्या घरी नेट पकडणारा खरा ॲडाप्टर बसवला. साधा, काळा, दिसायला दरिद्री, पण अँटेनावाला. लांब वायरनं तो वाचनालयासमोरच्या खिडकीत टांगला, म्हणजे जाड भिंत मधे आडवी येईना. एका फुकट प्रोग्राममध्ये लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर, म्हणजे चॅनलवर, गर्दी आहे ते पाहून वाचनालयाच्या राउटरचं चॅनल बदललं. नेटच्या वेगाचा लावण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा पेनालाच वाचायला लावला. डॉक्टरांचा आवाज सलग येऊ लागला. आता पेना प्रत्येक सूचना त्यांना परत म्हणून दाखवते.

गावात अजून काहीजण म्हणतात की, सावाकडे काहीतरी होतं खरं. होतं ना, फोन होता. यंत्रानं दूरचा आवाज जवळ येतो. त्यासाठी कुणाचे डोळे मिटावे लागत नाहीत. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला दाराबाहेर उभं करा आणि मग मोजा. खरी वस्तू याला भीत नाही. आणि शंका आली तर ती त्याच दिवशी, मोठ्यानं बोला.