गौरजाच्या खिशातलं बोंडलं

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तुमच्या खिशात एक बोंडलं आहे. बोंडलं म्हणजे चांदीची चिमुकली वाटी, एका बाजूला चोच असलेली. तिने बाळाच्या तोंडात दूध किंवा औषध थेंब थेंब सोडायचं. वजनाला ती काहीच नाही, पण आज तुम्हाला तुमचा खिसा जड लागतो आहे. का, ते सांगतो.

तारकर्लीजवळच्या एका गावात गौरजाला बारा दिवसांपूर्वी भाऊ झाला. जन्मला तेव्हा तो दोन किलो नऊशे ग्रॅमचा होता. आज आरोग्य उपकेंद्रातल्या काट्यावर तो दोन किलो सहाशे भरला. तिथल्या नर्स ईडाबाईंनी दोनदा वजन केलं, ताप पाहिला. ताप नव्हता.

"माझ्याच अंगावर दूध नाय," गौरजाची आई चारुता डोळे पुसत म्हणाली. "डब्याचा सुरू करूया."

"थांब. आधी पाजून दाखव," ईडाबाई म्हणाल्या.

बाळाने दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. ईडाबाईंनी त्याचं पोट आईच्या पोटाला लावून नीट धरून दिलं. तरी तेच.

"ह्याका भूकच नाय गो. वरचा काय देतास?"

"थेंबभर पाणीसुद्धा नाय. तुमीच सांगितल्यात ना, सहा म्हयने फक्त आवशीचा दूध."

चारुता तिच्या माहितीप्रमाणे खरंच बोलत होती. पण ती आंघोळीला आणि शेकायला गेली की सत्यवतीआजी नातवाला मांडीवर घेऊन बोंडल्याने साखरपाणी पाजत असे. मग गौरजा ते धुऊन ठेवी. आवशीक सांगू नको, असं आजीने बजावलं होतं. आज वाटेत बाळ रडलं तर असावं म्हणून आजीनेच ते गौरजाच्या खिशात टाकलं होतं.

"वजन असंच उतरलं तर ओरोसला मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल," ईडाबाई म्हणाल्या.

गौरजाने सोबत आलेल्या आजीकडे पाहिलं. आजी खिडकीबाहेरचा माड बघत होती. गौरजाने बोंडलं काढून टेबलावर ठेवलं.

"हेच्यात साखरपाणी. रोज चार येळा. मी धुतंय."

चारुता सासूकडे वळली.

"माझी चारय पोरां ह्याच बोंडल्यार वाढली," आजी हळू म्हणाली. "पोर रडाक लागला की माका बघवणा नाय."

"आजी, ती तुमच्या दुधार वाढली," ईडाबाई तिच्याजवळ बसल्या. "साखरपाण्यान ह्याचा पोट भरता, मगे तो ओढणा नाय. ओढणा नाय म्हणान दूध उतरणा नाय. आता एक काम तुमीच करा. चारुता पाजताना बाजूक बसा. बाळ झोपला तर तळपाय चोळून जागा करा. तिका येळार पेज देवा. चौथ्या दिवशी परत या."

तीन दिवस आजी गौरजाशी बोलली नाही. बोंडलं कपाटात गेलं. बाळाचे तळपाय मात्र तीच चोळत होती, दर दोन तासांनी, आणि चारुतासमोर पेजेची वाटी सरकवत होती.

चौथ्या दिवशी बाळाला काट्यावर ठेवलं तेव्हा आजी दाराशीच थांबली. चष्मा घरी राहिला, म्हणाली. लाल आकडे थरथरले आणि थांबले: दोन किलो सातशे चाळीस.

चारुताने बाळाला उचलायला हात पुढे केले.

"वाईच थांब, आये," गौरजा म्हणाली. ती दाराशी गेली, आजीचा हात धरून तिला काट्यापाशी घेऊन आली, आणि बोट ठेवून एकेक आकडा तिला वाचून दाखवला.