गुरुजींचं सरकार पडलं

त्र्याऐंशी सालची गोष्ट. करडीजवळच्या एका गावात जागेश्वर गुरुजी सातवीला नागरिकशास्त्र शिकवायचे, आणि आपल्यासारखा शिक्षक अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाही याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. खरं सांगायचं तर शंका घ्यायला जागाही फारशी नव्हती. दर शनिवारी ते वर्गाची लोकसभा करत. अध्यक्षाच्या उजव्या हाताला सरकार, डाव्या हाताला विरोधक. मधूनच सवाल-जवाबाची लढत लागे.

"राज्यसभा बरखास्त होते का?"

"नाही जी! दर दोन वर्षाले तिसरा हिस्सा सदस्य निवृत्त होतात!"

एरवी धानाच्या बांधीवर रमणारी पोरं शनिवारी न चुकता हजर असत. पंतप्रधान मात्र कायम गुरुजीच.

मुख्याध्यापक आनंदरावांना हा गोंगाट सहन होत नसे. "सोमवारी शाळा तपासाले विस्तार अधिकारी येऊन राहिले," त्यांनी बजावलं. "त्यायनं नाक मुरडलं का तुमची लोकसभा बंद."

"येऊ द्या ना," गुरुजी म्हणाले, आणि आठवडाभर पोरांची तालीम घेतली. कुणी काय विचारायचं, सरकारनं काय उत्तर द्यायचं, सगळं घोटून घेतलं.

सोमवारी खास लोकसभा भरली. साहेब मागच्या खुर्चीत बसले, शेजारी आनंदराव. कामकाज तेल लावल्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात विरोधी बाकावरची गुलाब उभी राहिली.

"अध्यक्ष महोदय, मले सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडायचा आहे."

तालमीत हे नव्हतं.

"सालभर पोरींले विरोधी बाकावरच बसवून ठेवलं," गुलाब बोलत राहिली. "एकीले तरी मंत्री कराव, असं काहून नाही वाटलं सरकारले?"

आनंदरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अध्यक्ष झालेला भैय्यालाल गुरुजींकडे पाहू लागला. गुरुजींनी नुसते डोळे वटारले असते तरी पोरगी मटकन खाली बसली असती. पण मग इतके शनिवार आपण काय शिकवलं? कठपुतळ्यांचा खेळ? आणि पोरगी बोलत होती ते शंभर टक्के खरं होतं. गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "ठराव मताले टाका."

पोरींचे हात वर गेले. मग सरकारच्या बाकावरची दोन पोरंही फितूर झाली, आणि सरकार आपटलं. गुरुजी खुर्चीवरून उठले, समोर जाऊन विरोधी बाकावर बसले. त्यांचे गुडघे त्या बुटक्या बाकात मावेनात. गुलाब मात्र पंतप्रधानांच्या खुर्चीत ऐटीत बसली.

"हे पाठ करून घेतलं होतं का, गुरुजी?" साहेबांनी विचारलं.

"नाही जी. पाठ केलं होतं त्याच्यात मी जिंकत होतो."

साहेब पोट धरून हसले. आनंदराव पुढे सरसावले. "साहेब, हा खेळ बंद कराचा का मग?"

"मला काय विचारता? सरकार बसलंय ना समोर."

सगळे गुलाबकडे वळले. ती क्षणभर गडबडली, मग मान ताठ करून म्हणाली, "मी एकटी कशी ठरवू? सदन ठरवेल. शनिवारची लोकसभा चालू राहावी, असं ज्यायले वाटते त्यायनं हात वर करा."

सगळ्यांच्या आधी हात वर गेला तो विरोधी बाकावरून, जागेश्वर गुरुजींचा.