दुपारचं पाणी

मोजणीदार आपल्या आत्याच्या दारात येऊन उभा राहिला. एवढासा लाकडी पूल, पण आता तिथे पहारेकरी शिक्का मागत होता. बेट परक्या देशात गेलं ना!

काम तसं सोपं होतं हो. डोंगरातून उतरणारी नदी इथे दोन फाट्यांत वाटली जाते. मधल्या बेटावर आत्याचं घर आणि काही शेजाऱ्यांची. ज्या फाट्याला पाणी जास्त, ती सरहद्द, असं दोन्ही देशांनी ठरवलेलं. मोजायचं मात्र पहाटे, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, नदी फुगते आणि जास्तीचं पाणी दगडांवरून अलीकडच्या फाट्यात उतरतं. हे त्याला पाठ होतं. पण पहाटेच्या गारठ्यात पांघरूण सुटेना. महाराज रोज जेवूनखाऊन दुपारी नदीवर! अलीकडचा फाटा मोठा भरला, तीच सरहद्द ठरली, आणि बेट गेलं पलीकडे.

चूक कळली तेव्हा नोकरीच्या भीतीने त्याने तोंडाला कुलूप लावलं. बेटावरचं कुणीतरी हरकत घेईलच, फेरमोजणी होईल, आपलं झाकलेलं राहील, असा त्याचा हिशेब. हरकतीची मुदत काल संपली होती.

"किती वाळलास रे!" आत्याने चहा पुढे केला.

"आत्या, हरकत घेतलीत ना तुम्ही सगळ्यांनी?"

"छे! निघाले होते सगळे. मी एकेकाला झापलं. म्हटलं, माझ्या भाच्याने डोळ्यांत तेल घालून मोजलंय. सख्ख्या आत्याचं घर कोण परक्यांत ढकलेल? गप्प बसले बिचारे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग चहा निवेपर्यंत त्याने सगळं ओकून टाकलं: गारठा, पांघरूण, दुपार, नोकरी. मान वर करायची हिंमत होईना.

"काल का नाही आलास?" एवढंच तिने विचारलं.

बाहेर शेजारीण सरपण गोळा करत होती. आत्याने उठून खिडकी लावून घेतली.

"यांना कळू देऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "मला आता यांच्यातच राहायचंय."