बाहीवरचे परके टाके

सुट्टीवर आलेल्या नवऱ्याचा शर्ट तिने धुवायला घेतला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. बाहीवरचा बिल्ला कुणीतरी परक्या हाताने शिवला होता.

छावणीच्या फाटकासमोर घरातच तिचं शिवणाचं दुकान. वैद्यकीय तुकडीचे बिल्ले टाचून टाचून बोटांना घट्टे पडलेले. त्यांच्यावरचा काठीला वेटोळं घातलेला साप तिला तोंडपाठ होता. छातीवरच्या पदकांचे लोक फोटो काढतात. बाहीवरच्या सापाला कुत्रं विचारत नाही. झिजतो मात्र तोच. औषधांच्या पिशवीचा पट्टा घासून घासून आधी शेपूट जातं, मग काठी. नवऱ्याचा साप झिजला की नवा धागा तीच भरायची. तो हक्क तिचा होता.

आणि आता सापाच्या डोक्याजवळ हे काळे रेशमी टाके! सलग नाहीत. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, प्रत्येक गाठ कात्रीने कापलेली. असं कापड कुणी शिवत नाही. अशी माणसाची कातडी शिवतात.

"वहिनी, चांगलं शिवलंय की," नणंद मशीनवरून वाकून म्हणाली. "तुझ्यापेक्षा बारीक टाका आहे."

"तू आधी तोंड शिव."

"असेल एखादी सिस्टर. दादाला कुणाला नाही म्हणता येत नाही, तुला ठाऊकच आहे." एवढं तेल ओतून ती पुन्हा पायडल मारू लागली.

तिने बाही उलटी केली. सुई वरच्यावर घेतली होती, आत टोचू नये म्हणून. शर्ट अंगात असतानाच असं शिवतात! म्हणजे ती बया त्याच्या दंडाला नाक लावून बसली होती, आणि हा गृहस्थ मुकाट हात पुढे करून. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच.

तिने कात्री उचलली, एकेक गाठ उडवली आणि बिल्ला टरकन ओढला.

"अगं, काय केलंस!" नवरा दारात उभा होता, खांद्यावर टॉवेल.

"कोण ती?"

"कोण कोण?"

"तुमच्या दंडावर जिने शिवणवर्ग काढला ती!"

तो स्टुलावर टेकला. हसला असता तर तिने कात्री फेकून मारली असती.

"सिस्टरच होती," तो म्हणाला. "स्ट्रेचरवरच्या जवानाने बिल्ला मुठीत धरला होता. त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं तरी सोडेना. मूठ सोडवताना फाटला. मला लगेच पुढचा जखमी आणायला जायचं होतं. बिल्ला नसला तर लांबून आम्ही आणि बंदूकवाले सारखेच. तिच्या हातात टाक्यांचा दोरा होता, त्यानेच शिवला. निघालो."

"आणि तो जवान?" नणंदेने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. मशीन थांबली.

तिला वाईट वाटलं. पण मत्सर हलला नाही, उलट चांगला फुगला. एखादी नटवी असती तर तिला नावं ठेवता आली असती. हिचं काय करायचं? हा जगतो की मरतो अशा घटकेला सुई दुसरीच्या हातात होती, आणि सुई अचूक चालली होती.

"मला पत्रात एवढंच लिहिलंत, जेवण बरं आहे म्हणून."

"होतंच बरं."

"शर्ट घाला."

"अगं, मळलाय."

"घाला म्हणते ना!"

त्याने घातला. तिने जाड हिरवा दोरा ओवला, बिल्ला दंडावर दाबला आणि आपला सलग टाका घालू लागली, घट्ट.

"आई गं! सिस्टरची सुई एकदाही टोचली नव्हती."

"माझी टोचते. लक्षात ठेवा."

शेवटचा टाका झाला. कात्री मांडीवरच होती. तिने वाकून दोरा दातांनी तोडला.